कॉकटेल (कॉकटिएल) या तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या पिंजऱ्याजवळ हीटर

प्रश्न : जानेवारीत पहाटे गारठा असतो, म्हणून कॉकटेलच्या पिंजऱ्याशेजारी रूम हीटर लावावा का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : निरोगी, पूर्ण वाढ झालेल्या कॉकटेलला मुंबईच्या थंडीत हीटरची गरज सहसा पडत नाही, पिंजरा खिडकीपासून दूर हलवून रात्री तीन बाजूंनी सुती चादर टाकली तरी पुरते. काही हीटरांच्या भागांवर नॉनस्टिक तव्यासारखाच टेफ्लॉनचा लेप असतो आणि तो अति तापला की निघणारा वायू, आपल्याला वासही न येता, पक्ष्याचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो, कारण फुप्फुसांना जोडलेल्या वायुकोशांमुळे पक्षी हवेतले विष आपल्यापेक्षा फार वेगाने शोषतो. खरे तर आपल्याकडे गॅसवर विसरलेल्या रिकाम्या नॉनस्टिक तव्याचीच धास्ती अधिक बाळगावी. पक्षी दिवसाही पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसून राहिला, तर थंडीवर न ढकलता त्याला पशुवैद्याकडे न्यावे.