जर्मनीतील स्वस्त थाई उपाहारगृहात शाकाहारी आईवडिलांना न्यावे का?

आपण जूनमध्ये आईवडिलांना घेऊन जर्मनीत फिरणार आहात, दोघे मासे-मांसच काय, अंडेही खात नाहीत, आणि रोज भारतीय उपाहारगृहात जेवणे परवडणार नाही म्हणून लहान थाई उपाहारगृहे चालतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चालतील, आणि दुपारच्या जेवणासाठी तर अवश्य जावे. मात्र तेथे ‘आम्ही शाकाहारी’ एवढे सांगून निश्चिंत होऊ नये.

पुण्यात थाई जेवण म्हटले की कोरेगाव पार्कातील महागडे टेबल डोळ्यांसमोर येते. जर्मनीत स्टेशनजवळच्या गल्लीतील चार-सहा टेबलांचे ‘आशिया इम्बिस’ हे विद्यार्थ्यांचे आणि नोकरदारांचे रोजचे ठिकाण असते. दुपारी तेथे ‘मिटागस्टिश’ नावाचा सवलतीचा बेत मिळतो, ज्यात भात, रस्सा आणि कधी लहानसे सूप असते. शहरानुसार त्याला साधारण दहा ते तेरा युरो पडतात. यांपैकी बरीच दुकाने व्हिएतनामी कुटुंबे चालवतात. १९८०च्या दशकात पूर्व जर्मनीने व्हिएतनाममधून हजारो कंत्राटी कामगार आणले होते, आणि एकीकरणानंतर कारखाने बंद पडल्यावर त्यांतील अनेक जण अशा छोट्या व्यवसायांकडे वळले. त्यामुळे पदार्थांच्या एकाच पत्रकावर थाई रस्सा आणि व्हिएतनामी सूप शेजारी-शेजारी दिसते. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांना ते खटकते. आईवडिलांना वेळेवर गरम भात मिळणे ज्याला महत्त्वाचे वाटते, त्याला खटकण्याचे कारण नाही.

खरी अडचण पुढेच आहे. पत्रकावर एकाच पदार्थाखाली टोफू (सोयाबीनचे पनीर), कोंबडी, बदक, कोलंबी असे पर्याय दिलेले असतात आणि आपण टोफूवर बोट ठेवून मोकळे होतो. परंतु टोफू हा केवळ वर घातलेला तुकडा असतो; खालचा रस्सा सर्वांसाठी तोच असतो. लाल आणि हिरव्या रश्शाच्या वाटणात परंपरेने जवळ्यासारखी बारीक कोलंबी मिठात आंबवून घातलेली असते, मिठाऐवजी माशांपासून काढलेले नाम प्ला पडते, आणि परतलेल्या भाज्यांत बहुधा कालवांचे सॉस असते. पाड थाई या परतलेल्या नूडल्समध्ये यांखेरीज अंडे आणि सुकवलेली कोलंबी, तर कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतही सुकवलेली कोलंबी असते. लहान दुकानांत वाटण डब्यातूनच येत असल्याने ‘कोलंबी काढून द्या’ म्हणण्यात अर्थ नसतो. नाम प्लाचे तसे नाही. ते आयत्या वेळी पडते, त्यामुळे त्याऐवजी सोया सॉस घालून देण्यास स्वयंपाकी सहसा तयार होतो.

येथे युरोपातील एक नियम आपल्या फार उपयोगी पडतो. डिसेंबर २०१४पासून युरोपीय संघातील उपाहारगृहांना १४ प्रकारच्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे, आणि त्यांत मासे, कोलंबी-खेकडे, कालव-शिंपले आणि अंडी हे चारही प्रकार स्वतंत्रपणे मोडतात. पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरे किंवा आकडे छापलेले असतात व त्यांचा अर्थ पत्रकाच्या शेवटी दिलेला असतो. तो दुकानागणिक बदलू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी नव्याने पाहावा. पत्रकावर काही नसेल, तर लेखी माहिती मागता येते. ॲलर्जी नसताना ही यादी वाचण्यात संकोच वाटू देऊ नये. मात्र कोंबडीचा अर्क या यादीत बसत नाही, त्यामुळे नारळाच्या दुधाचे टोम खा सूप अक्षरांवरून निर्दोष दिसले तरी ते कोंबडीच्या पाण्यावर केलेले असू शकते. सूपाबाबत स्पष्ट विचारावे, नाहीतर ते टाळावे.

विचारताना ‘वेगन’ हाच शब्द वापरावा. जर्मनीत तो सर्वत्र समजतो, त्यात मासे, कालवे, अंडी, दूध सगळेच वर्ज्य ठरते, आणि थाई स्वयंपाकात दूधदुभते जवळजवळ नसल्यामुळे आपले काही हुकतही नाही. वेगन म्हणून वेगळा छापलेला मासामान रस्सा मिळाला, तर तोच प्रथम मागवावा. त्यात दालचिनी, वेलची, लवंग, शेंगदाणे आणि बटाटा असल्याने तो आपल्या मसालेभाताच्या चवीच्या जवळ जातो. स्प्रिंग रोल भाज्यांचे असले तरी तळणीचे तेल आणि परतण्याची कढई बहुधा सामायिक असते. वडीलधाऱ्यांना ते मान्य नसेल, तर पूर्णपणे वेगन असलेली आशियाई उपाहारगृहे शोधावीत. बर्लिनमध्ये ती पुष्कळ आहेत, इतर मोठ्या शहरांतही सापडतात.

रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण काही लहान दुकाने कार्ड घेत नाहीत. पाणी बहुधा विकत घ्यावे लागते. बऱ्याच ठिकाणी दुपारी अडीच-तीनपासून साडेपाचपर्यंत स्वयंपाकघर बंद असते आणि आठवड्यातून एक दिवस, अनेकदा सोमवारी, सुट्टी असते. पुणेकराने याचे नवल करू नये. एका ताटलीतले प्रमाण ज्येष्ठांना जास्त होते, म्हणून तिघांत दोन रस्से घेऊन भात तेवढा वेगळा मागवावा, आणि उरलेले बांधून घ्यावे.