ग्रामपंचायत हद्दीतल्या जुन्या वडाला कायद्याचं संरक्षण आहे का? रस्त्यासाठी तोडणार म्हणतायत

तुमचा प्रश्न वाचून आधी एक विचारावंसं वाटलं, वड नेमका कुणाच्या जागेत आहे? कारण गावाकडं झाडाचा कायदा म्हणजे निम्मा जमिनीचाच कायदा.

पेपरात ते वृक्ष प्राधिकरण, हरकती मागवल्या, 50 वर्षांवरचं झाड हेरिटेज वगैरे वाचता ना, तो 1975 चा कायदा फक्त नागरी क्षेत्राचा आहे. नगरपालिकेची हद्द संपली की तो पण संपला. ग्रामपंचायतीत चालतो तो 1964 चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आणि त्याच्या अनुसूचीत ठरावीकच झाडं आहेत, साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ अशी. ही स्वतःच्या रानात असली तरी वनखात्याची परवानगी लागते. वड, पिंपळ, उंबर, कडुलिंब यात नाहीत. मला पण आधी खरं वाटलं नव्हतं, ज्याला आपण सूत गुंडाळतो तेच यादीत नाही म्हणल्यावर.

म्हणजे वड खाजगी सातबाऱ्यात असेल तर मालक सहसा मोकळा, महसूल कायद्याच्या कलम 25 नं खातेदाराच्या जमिनीतलं झाड खातेदाराचंच. पण गावठाणात, गायरानात किंवा रस्त्याच्या कडेला असेल तर ते सरकारी झाड, कुणी उगाच येऊन कापू शकत नाही. कंत्राटदाराला परवानगीचा कागद दाखव म्हणा, कुणी दिली, किती झाडांची. माहिती अधिकार टाकाच, पण त्याला 30 दिवस लागतात आणि कटर मशीनला एक दुपार पुरते, म्हणून तहसीलदार आणि रस्त्याचं खातं दोन्हीकडं लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

ग्रामसभेचा ठराव करा, पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत झाड चढवा (समिती कागदावर तरी असतेच, ग्रामसेवकांना विचारा). नोंदीनं तोड थांबेलच असं नाही, पण अर्जाला वजन येतं. मिरज तालुक्यात भोशाचा वड आठवतोय का, रत्नागिरी-नागपूर हायवेत जाणार होता, 2020 मध्ये लोक झाडाखाली जमले, बोंबाबोंब झाली, मंत्र्यांपर्यंत पोचलं आणि रस्ता बाजूनं वळवला. तिथं पण झाड वाचलं ते लोकांच्या रेट्यानं. पुढं दोन वर्षांनी ते पावसात उन्मळून पडलं ही गोष्ट वेगळी. देवराई असेल तर अजून बरं, दोडामार्गात हेवाळे-बांबर्डेची राई, अडीच हेक्टरच्या आसपास, तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळालाय. पण एकट्या झाडासाठी त्या मार्गानं गेलात तर लई वेळ जाईल.

आता आमचं सांगतो. बांधावर आजोबांच्या आधीपासूनची चिंच होती, सामाईक. चुलत्यांनी परस्पर व्यापाऱ्याला दिली. रविवारी सकाळी मी पोचेपर्यंत ट्रॅक्टर भरलेला, काळसर तांबडा गाभा उघडा पडलेला आणि पोरं भुशात खेळत होती. चिंच यादीतली, परवानगी काढलेली नव्हती, त्यामुळं केस तर झाली. पण मूळ कायद्यात दंड हजार रुपयांपर्यंतच, त्यापेक्षा जास्त तर नुसता ट्रॅक्टरच्या खेपांनाच गेला असेल.

त्यातून एक शिकलो ते तुम्ही आजच करा. वडाच्या बुंध्याला टेप लावून, आकडा दिसेल असा फोटो काढा, शेजारी माणूस उभा करा, लोकेशन चालू ठेवा. आमच्याकडं असा एक पण फोटो नव्हता आणि पंचनाम्याला साहेब आले तोवर बुडखा सुद्धा जेसीबीनं उपटून नेलेला, मग दोघा माणसांच्या कवेत न मावणारी चिंच कागदावर "मध्यम आकाराचे एक झाड" अशी लागली.