धक्क्यावर कुणी कुणाची वाट पाहायची?

पाठीवर सॅक टाकून बेटाबेटांवरून फिरत असताना वाटेत जुन्या मित्राला किंवा मैत्रिणीला गाठायचे, असा बेत आखणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण अशा बहुतेक भेटी बिघडतात त्या तिथेच.

प्रश्न : मी जावा बेटावरून बस आणि फेरीबोटीने पूर्वेकडे सरकत येणार आहे आणि माझा शाळेपासूनचा मित्र विमानाने थेट बालीला उतरणार आहे. नऊ वर्षांनी भेटतो आहोत. 'रविवारी दुपारी बारा वाजता, लोम्बोकजवळच्या गिली आयर बेटावर' एवढे ठरले आहे. हे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. प्रथम घड्याळाचे पाहू. इंडोनेशियात तीन प्रमाणवेळा आहेत आणि जावा व बाली यांच्यामध्ये त्यांतली एक सीमा येते. जावाच्या पूर्व टोकावरच्या केतापांगहून तुम्ही बारा वाजता फेरीबोटीत बसलात आणि तासाभराने बालीच्या गिलिमानुक बंदरात उतरलात, तर तिथल्या घड्याळात दोन वाजलेले असतील. मोबाइल ही वेळ बहुधा आपोआप बदलतो, मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. म्हणून वेळ ठरवताना 'बालीच्या वेळेप्रमाणे' हे शब्द न विसरता लिहा.

दुसरी गोष्ट समुद्राची. बाली आणि लोम्बोक यांच्यामधल्या सामुद्रधुनीत प्रवाह जोरदार असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेकडून वारे सुटले की लाटा उंच होतात. बालीच्या पादांग बाई बंदरातून गिलीकडे जाणाऱ्या वेगवान बोटी अशा दिवशी उशिरा सुटतात किंवा सुटतच नाहीत. लोम्बोकच्या बांगसाल धक्क्यावरून येणारी साधी बोट तर माणसे भरली की निघते. तेव्हा 'बारा वाजता' हा शब्द तुमच्या हातात नाही, त्या दिवशीच्या वाऱ्याच्या हातात आहे. मार्चमध्ये जाणार असाल तर बालीतला न्येपी हा मौनदिन कोणत्या तारखेला येतो ते आधी पाहा (2026 मध्ये तो 19 मार्चला आहे). त्या दिवशी चोवीस तास विमानतळ आणि बंदरे बंद असतात, रस्त्यावर कुणी फिरायचे नसते आणि मोबाइल इंटरनेटही बंद ठेवले जाते.

म्हणून माझा आग्रह असा, की वेळ ठरवण्यापेक्षा वाट पाहण्याची रीत ठरवा. जो आधी पोहोचेल त्याने बेटावरच राहायचे, शोधायला उलट निघायचे नाही. रोज सकाळी दहा आणि संध्याकाळी पाच वाजता ठरलेल्या जागी अर्धा तास येऊन बसायचे, आणि दोन दिवस होऊनही दुसरा आला नाही तरच घरच्या एका ठरावीक माणसाला निरोप द्यायचा. हा तिसरा माणूस फार महत्त्वाचा आहे, कारण दोघांचे फोन एकमेकांना लागत नसले तरी त्याला दोघांपैकी कुणीतरी कुठून तरी फोन करू शकतो.

जागाही नेमकी हवी, नुसते बेटाचे नाव चालत नाही. थायलंडच्या को समुईवर मी एका मैत्रिणीची पश्चिम किनाऱ्यावरच्या नाथोनच्या धक्क्यावर अडीच तास वाट पाहिली होती. बोटी लागत होत्या, माणसे उतरत होती, प्रत्येक निळी सॅक तिचीच वाटत होती. ती मात्र ईशान्येच्या बांग रकच्या धक्क्यावर उतरून तिथल्या सिमेंटच्या खुंटावर बसली होती, ओल्या चपला शेजारी वाळत घातलेल्या आणि हातात माझे नाव लिहिलेला, घामाने मऊ झालेला कागद. आम्ही दोघींनी फक्त 'समुईच्या धक्क्यावर' असे म्हटले होते आणि त्या बेटाला धक्के अनेक आहेत. गिली आयर त्या मानाने सोपे आहे: बेट लहान, मोटारी नाहीत, घोडागाड्या आणि सायकली तेवढ्या, आणि चालत सगळ्या बेटाला वळसा घालता येतो. तरीही 'बोटी लागतात तिथे, तिकीटखिडकीसमोर' असे ठरवा.

प्रश्न : आम्हा दोघींना नोव्हेंबरातच सुटी मिळते. मैत्रीण को समुई म्हणते, मी फुकेतच्या बाजूची बेटे म्हणते. दोन्ही थायलंडच, मग फरक तो काय पडणार?

फरक फार मोठा पडतो आणि या वेळी तुमचे म्हणणे बरोबर आहे. थायलंडच्या दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगवेगळे आहेत. फुकेत, क्राबी, को लांता या अंदमान समुद्राच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो आणि नोव्हेंबरात तिथला समुद्र निवळू लागतो. सिमिलान बेटे तर पावसाळ्यात बंदच असतात आणि ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतात. याउलट समुई, फांगान आणि ताओ ही थायलंडच्या आखातातली बेटे ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या तोंडावर येतात आणि त्यांचा सर्वांत ओला महिना बहुधा नोव्हेंबरच असतो. त्याच वाऱ्यांमुळे मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेरहेंतियान बेटांवरचे बहुतेक मुक्काम त्या सुमारास बंद होतात. मैत्रिणीला समुईच हवे असेल तर फेब्रुवारी-मार्चची वाट पाहा.

फिलिपिन्सचा विचार करत असाल तर वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर धरतात, पण निसर्ग ती रेघ पाळत नाही. सियारगाओला 2021 मध्ये बसलेला तडाखा डिसेंबरातला होता. वादळाचा इशारा लागला की तिथले तटरक्षक दल बोटी थांबवते. त्या दिवशी 'जास्त पैसे घेऊन मी सोडतो' म्हणणारा नावाडी भेटला, तर हात जोडून नको म्हणा. मित्र एक दिवस उशिरा भेटला तरी चालतो.

प्रश्न : मी शनिवारी सकाळी ऑकलंडहून प्रशांत महासागरातल्या रारोटोंगा बेटाला निघतो आहे. मैत्रीण तिथे आधीच पोहोचलेली असेल. आम्ही शनिवार रात्रीपासून खोली घेतली आहे. ठीक आहे ना?

खोली एक रात्र अलीकडे घ्या. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते. ऑकलंडहून शनिवारी सकाळी निघून चार तासांनी तुम्ही उतराल तेव्हा रारोटोंगावर शुक्रवारची दुपार असेल. परतताना हाच दिवस तुमच्या हिशेबातून निघून जाईल. प्रशांत महासागरात हे जपायलाच लागते: सामोआने 2011 च्या अखेरीस रेषेची बाजू बदलली तेव्हा तिथे 30 डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही, आणि आजही शेजारच्या अमेरिकन सामोआत छोट्या विमानाने तासाभराच्या आत पोहोचलात तरी तारीख एक दिवस मागची असते. एकमेकांना निरोप पाठवताना वार, तारीख आणि बेट असे तिन्ही लिहा.

प्रश्न : कॉलेजात आम्ही एका ताटात जेवलो आहोत. आता त्याला चांगली नोकरी आहे, माझी बचत थोडी आहे आणि मी चार महिने फिरणार आहे. तो दहा दिवसांसाठी येतो आहे. त्याने एसी खोल्या आणि खासगी बोटी ठरवायला सुरुवात केली आहे. त्याला दुखवायचे नाही, पण माझे एका महिन्याचे पैसे त्या दहा दिवसांत संपतील.

हे त्याला तो विमानात बसण्यापूर्वी सांगा आणि आकडा सांगून सांगा. 'जरा जपून खर्च करू' या वाक्याचा अर्थ दोघांच्या मनात वेगळा असतो, 'मला दिवसाला एवढेच परवडतात' याचा अर्थ एकच असतो. तो दुखावला जाईल असे तुम्हाला वाटते, पण तुम्ही हे पोटात ठेवलेत तर सहाव्या दिवशी बोटीच्या भाड्यावरून कुरबूर होईल आणि त्याला ती का झाली हे कळणारही नाही.

मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. रोज सकाळी दोघांनी सारखी रक्कम एका पाकिटात टाकायची आणि एकत्र जेवण, बोटी, सायकली यांचा खर्च त्यातूनच करायचा. ही रक्कम तुमच्या ऐपतीने ठरायला हवी, त्याच्या नव्हे. त्याला त्यापलीकडे काही हवे असेल, तर ते त्याने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःसाठी करावे. तो एसी खोलीत झोपला आणि तुम्ही दोन घरे पलीकडच्या पंख्याच्या खोलीत झोपलात म्हणून मैत्रीला काही होत नाही. एखाद्या दिवशी तो प्रेमाने बोट ठरवेल, तेव्हा मोकळ्या मनाने बसा. एकदा घेणे आणि दहा दिवस मिंधे राहणे यांत अंतर आहे.

तुमच्या पत्रात पैशाइतकाच मोठा दुसरा प्रश्न आहे, तो म्हणजे गतीचा. चार महिने फिरणारा माणूस तिसऱ्या आठवड्यापासून सावकाश होतो. त्याला दुपारी झोपाळ्यात पडून राहायचे असते. दहा दिवसांच्या माणसाला रोज एक बेट हवे असते, आणि त्यात दोघांचीही चूक नाही. म्हणून बेटे दोनच घ्या. पहिले दोन दिवस कुठेही जाऊ नका, कारण इतक्या वर्षांनी भेटल्यावर बोलायचे खूप साठलेले असते आणि पुढचे तिकीट डोक्यात असले की बोलणे तुटक होते. मध्ये एक पूर्ण दिवस दोघांनी वेगळे काढा. त्या संध्याकाळी सांगण्यासारखे काही असते, आणि ऐकणाऱ्याने ते पाहिलेले नसते.

प्रश्न : गिलीवर शेवटच्या दिवशी मित्राबरोबर स्कूबा करून रात्रीच्या विमानाने परतणार आहे. वेळ पुरेल का?

बोट गाठायला पुरेल, शरीराला पुरणार नाही. खोल पाण्यात दाबाखाली रक्तात आणि ऊतींत नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. विमानात हवेचा दाब कमी असल्याने तो बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो आणि सांधे, मणका किंवा मेंदूला इजा करू शकतो. एकच साधी बुडी मारली असेल तर निदान 12 तास आणि अनेक बुड्या किंवा सलग अनेक दिवस मारल्या असतील तर निदान 18 तास विमान टाळावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. मी पूर्ण चोवीस तास सोडते. हेच डोंगरालाही लागू आहे: सकाळी पाण्याखाली आणि त्याच दिवशी लोम्बोकच्या 3,726 मीटर उंच रिंजानीकडे, असा बेत आखू नका. स्कूबा पहिल्या दिवसांत उरका. शेवटच्या दिवशी मास्क लावून किनाऱ्याजवळ पृष्ठभागावर तरंगा. उथळ पाण्यातले मासे तसेही दिसतात, आणि मध्येच डोके वर काढून मित्राशी बोलता येते.