चौदाच पक्षी?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातल्या शिबिरात पहिल्याच दिवशी इतरांच्या वहीत 40 नावं आणि तुझ्या वहीत 14, म्हणून हिरमुसलीस होय? अगं, 14 पुष्कळ झाले. उद्या एकच गोष्ट बघ, कोण किती पाण्यात उभा असतो ती.

उजाडताच चापडगावच्या बाजूला जा. ऊन पाठीशी घेऊन बस, नाहीतर सगळेच पक्षी काळे दिसतील. बिस्किटाचा पुडा खोलीवरच ठेव, त्याची कुरकुर फार लांब ऐकू जाते.

उथळ पाण्यात शेकाट्या दिसेलच. लाल, काडीसारखे पाय. त्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटेल, पण तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. आता पाणी त्याला कुठवर लागतंय ते बघ आणि वहीत चित्र काढून तिथं रेघ मार. नाव नंतर लिही.

मग शेजारी कोण आहे ते बघ. छोटा बगळा असेल तर काळ्या पायांचे पिवळे पंजे चिखलात थरथरवून भक्ष्य उठवेल. चमचा, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचा पक्षी, आपली अर्धी उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत जाईल, अंगण झाडावं तशी. प्रत्येकाच्या पायाशी तशीच रेघ मार. कोण किती पाण्यात पोट भरतो, ते रेघाच सांगतील.

हे पाणीही एका जागी राहत नाही. गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, त्यातून ही दलदल झाली. राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ ती हीच. कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलं, की पातळी उतरते, काठचा चिखल उघडा पडतो आणि पक्षी जागा बदलतात. म्हणून रेघेखाली तारीख आणि वेळ हवीच.

जवळून बघायच्या नादात काठावर उतरू नकोस. तुझ्या वयाचा असताना मी उतरलो होतो. पुढ्यातलं मातीचं ढेकूळ एकदम पांढरेशुभ्र पंख उघडून उडालं. ढोकरी होती ती, मातकट रंगाचा छोटा बगळाच! तिच्यामागोमाग अख्खा थवा गेला आणि बरोबरची मुलं दिवसभर माझ्याशी बोलली नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

शेकाट्याला पाणी कुठवर होतं, तेवढं संध्याकाळी कळव.

तुझा,
काका