डाग पंपाचा की फॉस्फेटेजचा?

प्रश्न : देवणी गाईच्या सातव्या दिवसाच्या ब्लास्टोसिस्टमध्ये (आत पोकळी असलेला सुरुवातीचा भ्रूण) सोडियम-पोटॅशियम एटीपेज हे विकर, म्हणजे पेशीपटलातला आयनांचा पंप, कुठे आहे, हे आम्ही शिशाच्या रंजनपद्धतीने पाहतो (विकर फॉस्फेट सुटे करते तिथे शिसे बसून डाग पडतो). तपकिरी डाग बाहेरच्या पटलावरही पडतो आणि पंप रोखणारे ओआबेन घालूनही जात नाही. पंप तिथेही आहे असे धरायचे का?
– पदव्युत्तर विद्यार्थिनी, उदगीर

उत्तर : इतक्यात नको. ट्रोफेक्टोडर्मच्या, म्हणजे ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थराच्या, पेशींत हा पंप मुख्यतः पोकळीकडच्या आणि शेजारच्या पेशीला लागलेल्या पटलावर असतो. एटीपीच्या (पेशीचे इंधन) एका रेणूमागे 3 सोडियम आयन पेशीबाहेर जातात, 2 पोटॅशियम आत येतात. सोडियम पोकळीकडे साचते, त्यामागे पाणी येते, आणि पेशींमधले घट्ट सांधे ते गळू देत नाहीत. पोकळी फुगते ती यामुळेच.

बाहेरचा डाग बहुधा अल्कलाइन फॉस्फेटेज या दुसऱ्या विकराचा आहे. माध्यमातले पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट (विकराने फोडायचा पदार्थ, म्हणजे सबस्ट्रेट) तेही फोडते आणि पीएच 9.0 त्याला मानवतो. माध्यमात 2.5 मिलिमोलर लेव्हामिसोल घाला, ते हे फॉस्फेटेज रोखते. जंतनाशक म्हणून तुमच्या ओळखीचेच, पण इंजेक्शनची बाटली नको, शुद्ध रसायन घ्या. तरी त्यावरच विसंबू नका: उंदराच्या भ्रूणात आतड्यातल्या फॉस्फेटेजच्या जवळचा प्रकारही आढळतो आणि तो लेव्हामिसोलला फारसा जुमानत नाही.

खरा निवाडा पोटॅशियम करते. पंपाला ते लागतेच, फॉस्फेटेजला नाही; ते वगळूनही डाग राहिला, तर तो पंपाचा नाही. चूक नेमकी इथे होते: पोटॅशियम क्लोराइड वगळतात, पण ग्लायसीन बफर (पीएच स्थिर ठेवणारा) पोटॅशियम हायड्रॉक्साइडनेच जुळवलेला राहतो. तो सोडियम हायड्रॉक्साइडने नव्याने करा.

ओआबेनची मात्रा कमी पडलेली नसावी. गाईचा पंप उंदराच्या पंपापेक्षा त्याला कितीतरी संवेदनशील असतो, 10 मिलिमोलर भरपूर झाले. पण ओआबेन पंपाच्या पोकळीकडच्या तोंडाला चिकटते आणि अखंड भ्रूणात तिथवर नीट पोचत नाही. स्थिरीकरणानंतर (पेशींची रचना रसायनाने पक्की केल्यावर) भ्रूण बारीक सुईने उघडा, आणि पोटॅशियम नसलेल्या द्रावणात ओआबेनसह आधी अर्धा तास ठेवा. पोटॅशियम असले की ते चिकटायला अडथळा होतो. (कण्हेर खाऊन जनावरे दगावतात, तेही याच पंपाला रोखणाऱ्या, ओआबेनच्याच गटातल्या विषाने.)

स्थिरीकरणाचे ग्लुटाराल्डिहाइड 0.5 टक्क्याच्या आत आणि थोडाच वेळ, थंडाव्यात. जास्त झाले तर पंप निकामी होतो, फॉस्फेटेज मात्र तग धरते, आणि मग नको तोच डाग उठून दिसतो.

सबस्ट्रेट न घातलेला एक थेंबही शेजारी ठेवा. त्यातही तपकिरी रंग आला, तर ते नुसते बसलेले शिसे आहे. माध्यम ताजे करून गाळून वापरा.