रजेचं कारण काय लिहू?

“मॅडम, सहा महिने काम सोडलं तर मी मागे पडेन ना?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला अलीकडे सारखा ऐकू येतो. विचारणारे बहुतेक पस्तिशी-चाळिशीतले. पगार वेळेवर होतो, घराचा निम्मा हप्ता फिटलाय, नोकरी तशी वाईट नाही. फक्त रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो. एक लांबलचक सुट्टी घ्यावी, झोपावं, फिरावं असं त्यांना मनापासून वाटतं, आणि अर्ज करायला हात धजत नाही. सगळ्यांना मिळून एकच उत्तर देता येत नाही, म्हणून मकरंदची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

मकरंद हिंजवडीतल्या आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर. वय ४१. बायकोने, अनघाने, जवळजवळ ढकलूनच पाठवलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी लॅपटॉप उघडून एक्सेल शीट दाखवली. जूनमध्ये स्पिती, ऑक्टोबरात तवांग, थंडीत हंपी आणि कच्छचं रण, मधे गाडीने नर्मदा परिक्रमा. प्रत्येक ठिकाणासमोर बजेट, पर्यायी बेत आणि शेवटी ‘आउटकम’ नावाचा रकाना. त्यात ‘फोटोग्राफी शिकणे’, ‘वजन आठ किलो कमी’ अशी उद्दिष्टं.

“हे वाचूनच दमायला झालं,” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं नाही. “नाहीतर सहा महिने वाया जातील.”

मागे पडण्याच्या भीतीवर आम्ही आधी सरळ हिशोब केला. काय काय बुडेल, किती महिने पुरेल, परत नोकरी शोधायला किती वेळ लागू शकेल. आकडे वाटले होते तितके भीतिदायक नव्हते. तरी भीती जागची हलली नाही. अशा वेळी मी समजते, की दुखणं दुसरीकडे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत मी घडले. माणूस प्रसंगाने कमी आणि प्रसंगाबद्दल मनात बाळगलेल्या नियमांनी जास्त घाबरतो, हे १९५५च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केली. माझं रोजचं काम म्हणजे तो न बोललेला नियम शोधून काढणं.

“समजा, कुठेच गेला नाहीत. घरीच राहिलात, तर?”

“नुसतं घरी? सहा महिने? लोकांना काय सांगू?”

इथे मला धागा सापडला. स्पिती-तवांग ही हौस होतीच, पण त्याहून जास्त तो दाखला होता. ‘फिरतोय’ म्हटलं की चारचौघांत कौतुक होतं. ‘झोपतोय’ म्हटलं की काळजी, नाहीतर कुजबुज. विश्रांती आणि प्रवास या दोन वेगळ्या गरजा आहेत. आपण एकीला लाजतो आणि ती दुसरीच्या नावावर खपवतो. मग थकलेला माणूस पहाटे साडेचारची टॅक्सी पकडतो आणि परत आल्यावर म्हणतो, सुट्टीचा काही उपयोग झाला नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला. “बिनपगारी रजेचा अर्ज लिहा. इथेच.”

नाव, कर्मचारी क्रमांक, कालावधी असं भराभरा लिहून झालं. ‘रजेचे कारण’ लिहिताना पेन थांबलं. ‘कौटुंबिक कारणास्तव’ लिहिलं, खोडलं. ‘वैद्यकीय’ लिहिलं, तेही खोडलं. ‘पुढील शिक्षण’ अर्धवट सोडलं. बराच वेळ गेला. मी मुद्दामच बोलले नाही. नवशिक्या समुपदेशकांना मी हे नेहमी सांगते, की अशा वेळी तोंड मिटून बसायला जमलं पाहिजे.

“विश्रांती असं लिहाल का?” मी शेवटी विचारलं.

“ते कारण नाहीये.” उत्तर इतकं झटकन आलं की ते स्वतःच चपापले.

“कुणाच्या हिशोबाने नाहीये?”

मग बाबा आले बोलण्यात. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. निरोप समारंभात साहेबांनी माइकवरून सांगितलं होतं, की यांच्या खात्यावर पूर्ण ३०० दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. टाळ्या पडल्या होत्या. त्या रजेच्या रोखीकरणाचे पैसे आले आणि त्यातून बहिणीच्या लग्नाला हातभार लागला. हे सांगताना मकरंदच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुःखाचं नव्हतं, वडिलांच्या अभिमानाचं होतं, आणि म्हणूनच तो नियम इतका खोल रुजला होता. न घेतलेली रजा हा सद्गुण, शिवाय तिचे रोख पैसे. घेतलेली रजा म्हणजे उधळपट्टी.

“बाबा ३०० दिवस दमले नव्हते का?”

“दमले असतील. कधी बोलले नाहीत.” थोड्या वेळाने म्हणाले, “रिटायर झाल्यावर पहिले दोन महिने ते नुसते झोपायचे. आई घाबरली होती.”

मी काही समजावलं नाही. त्यांनी पेन उचलून ‘विश्रांती’ लिहिलं आणि खाली सही केली. प्रत्यक्ष अर्जात पुढे ‘वैयक्तिक कारणास्तव’ असंच गेलं, आणि त्यात काही बिघडलं नाही. साहेबाला खरं सांगणं सक्तीचं नाही, स्वतःला सांगितलेलं असलं म्हणजे झालं.

बायकांच्या बाबतीत हे गणित जरा उलटं असतं. माझ्याकडे येणाऱ्या बँकेतल्या एक ताई म्हणाल्या होत्या, “मी घरी राहिले तर रजा माझी नसते, घराची होते.” डबे, सासऱ्यांचा दवाखाना, पाहुणे, मुलीला क्लासला सोडणं. त्यांच्यासाठी गावाबाहेर पडणं हीच विश्रांती. त्यांना मी बॅग भरायला सांगितली, मकरंदना उघडायला.

आता थोडं रोखठोक. राजीनामा देण्याआधी कंपनीत सब्बॅटिकलचा, म्हणजे नोकरी न सोडता लांब रजा घेण्याचा, नियम आहे का ते विचारा. अनेकांना तो असतो हेच ठाऊक नसतं. राजीनाम्याबरोबर कंपनीचा आरोग्य विमा जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी आधी घ्या. आधीपासूनच्या आजारांना त्यात ३६ महिन्यांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. ग्रॅच्युइटी मिळायला लागणारी नोकरीची पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील, तर कॅलेंडर बघा. हप्ता, शाळेची फी आणि किराणा यांचे पैसे वेगळ्या खात्यात काढून ठेवा, नाहीतर रोज सकाळी शिल्लक बघण्यातच रजा संपेल.

आणि सुरुवातीचे काही आठवडे तिकिटं काढू नका. या काळात चिडचिड होते, हात फोनकडे जातो, आपण निकामी झालो असं वाटतं. ते अपेक्षितच आहे.

एक मात्र नीट तपासा. जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ला आजार म्हटलेलं नाही. कामाशी निगडित स्थिती म्हटलं आहे: गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्याकडून धड काही होत नाही असं वाटणं. पण झोप-भूक उडाली आहे, आवडत्या गोष्टीतही मन रमत नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं दोन आठवडे चाललं असेल, तर रजेचा विचार नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तवांगला जाऊन नैराश्य बरं होत नाही.

मकरंदनी चार महिन्यांची रजा घेतली. सुरुवातीचा बराच काळ कोथरूडच्या घरी, दुपारी पडदे ओढून. एक्सेल शीटमधलं एकच ठिकाण उरलं, तेही गाडीने नाही. ओंकारेश्वरहून नर्मदामाई उजव्या हाताला ठेवून ते दक्षिण तटाने चालत निघाले आणि बडवानीला थांबले. खंड परिक्रमा, पुढचं पुढच्या वेळी. परत आल्यावर मला म्हणाले, “आश्रमात ‘नर्मदे हर’ म्हणायचं, चहा येतो. विचारतात एवढंच, की किती मूर्ती आहात? म्हणजे किती जणांचं जेवण टाकायचं. तुम्ही काय करता, कुणीच विचारलं नाही.” अर्धवट सोडल्याची खंत वाटली का, असं मी मुद्दाम खोदून विचारलं. “पहिल्या रात्री वाटली,” म्हणाले.

कामावर परतताना त्यांनी रात्रीचे अमेरिकेचे कॉल आठवड्यातून दोनच घेईन असं सांगितलं. मॅनेजर कुरकुरला, पण कबूल झाला. मार्चच्या अप्रेझलमध्ये रेटिंग एक पायरी खाली आलं. म्हणजे ‘मागे पडेन का’ याचं उत्तर, थोडे पडले. त्यावर बोलायला त्यांनी एक तासाची वेळ घेतली होती. अर्ध्या तासात त्यावरचं बोलून संपलं, आणि उरलेल्या वेळात ते मला बडवानीच्या पुढचा रस्ता सांगत बसले.