पगारदार माणसाने किती तास काम करणं रास्त, आणि काम जास्त आहे की मीच संथ आहे हे कसं ओळखायचं?

तुमचे आठवड्याला ५० ते ५५ तास भरतात, साहेब म्हणतात ‘टाइम मॅनेजमेंट सुधारा’, आणि आता तुम्हालाच स्वतःबद्दल शंका यायला लागली आहे. आधी त्या वाक्याचं बघू. हेच वाक्य ऐकवून चांगली कामं करणारी माणसं वर्षानुवर्षं गप्प बसवली जातात, आणि बहुतेक वेळा ते चूक असतं.

तुमच्या टीममधून गेल्या वर्षभरात कोणी सोडून गेलंय का ते आठवा. पाच जणांची टीम धरा. प्रत्येकाचे ४० तास, म्हणजे आठवड्याला २०० तासांचं काम. एक जण राजीनामा देतो. ‘नवीन माणूस येईपर्यंत तात्पुरतं बघून घ्या’ असं सांगून त्याचं काम उरलेल्या चौघांत वाटलं जातं. २०० भागिले ४, म्हणजे प्रत्येकी ५०. इथे कोणीही संथ झालेलं नाही. उलट प्रत्यक्षात ५० पेक्षा जास्तच लागतात, कारण गेलेल्या माणसाला जी फाइल कुठे आहे हे डोळे मिटून माहीत होतं, ती शोधण्यातच दुसऱ्याचा तास जातो. हँडओव्हरच्या नोंदीत कामांची यादी असते, पण कोणाला फोन केला की काम हलतं ते नसतं. दोन-तीन महिने चौघं रेटून नेतात. मग वरचे म्हणतात, ‘काम तर होतंय, मग भरती कशाला?’ जागा रद्द होते आणि ५० तास हेच नॉर्मल ठरतं. पुढच्या अप्रेझलमध्ये मोजमाप त्या ५० वरून होतं. पगार मात्र ४० तासांचाच. ४० चे ५५ झाले तर ताशी पगार सुमारे २७ टक्क्यांनी उतरलेला असतो, स्लिपवर आकडा तोच दिसला तरी.

दुसरी चूक कामाचं वाटप करताना होते. ४० तासांच्या माणसाला ४० तासांचं काम देतात. मीटिंगचे ७, मेल आणि मेसेजचे ४, सहकाऱ्यांच्या शंकांचे ३ तास काढले की उरतात २६. त्यातले ४-५ अचानक येणाऱ्या कामासाठी मोकळे ठेवावेच लागतात. म्हणजे आधीपासून ठरवून देता येईल असं काम २१-२२ तासांचंच. मोकळा वेळ ठेवणं ही चैन नाही. एकाच माणसाकडे कामं कधीही येऊन पडत असतील, तर तो ८० टक्के भरलेला असताना नवं काम सरासरी चार कामांच्या वेळाइतकं थांबतं, ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. शेवटच्या थोड्याशा भारानेच सगळ्या तारखा हुकतात, आणि दोष माणसाला मिळतो.

आता पुरावा. तीन ते चार आठवडे नोंद ठेवा, त्यात महिनाअखेर आलीच पाहिजे. अर्ध्या तासाचे खाने. काम काय, कोणी दिलं, ठरलेलं की अचानक, मधे कितीदा तुटलं. त्याच वेळी भरा. शुक्रवारी आठवून भरलेली नोंद निरुपयोगी, कारण दहा-दहा मिनिटांचे फोन तोवर विसरलेले असतात आणि नेमके तेच दिवसाचा तास-दीड तास खातात. रात्री घरून दिलेली उत्तरंही लिहा.

साहेबांपुढे ‘खूप काम आहे’ म्हणू नका, त्यावर उत्तर ठरलेलं असतं. यादी ठेवा: सहा कामं, प्रत्येकाचे तास, बेरीज ३४, हातात २२. ‘यातली पहिली चार या आठवड्यात होतील. पाचवं आत्ता हवं असेल तर कुठलं मागे टाकू?’ निर्णय त्यांना घ्यायला लावा आणि त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलने पक्का करा. तोंडी ठरलेलं महिनाअखेरीस कोणालाच आठवत नाही.

रास्त तासांबद्दल: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच कराराने उद्योगांसाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ ही मर्यादा घातली, १९३५ मध्ये ४० तासांचं तत्त्व मांडलं. जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात, ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तासवाल्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला. जॉन पेन्कॅव्हेल या अर्थतज्ज्ञांनी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी तपासल्या, तर ७० तासांचं उत्पादन ५६ तासांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. ‘जास्त बसलं की जास्त काम होतं’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

राहिला संथपणा. तेच काम दुसऱ्याला किती वेळ लागतो ते बघा. तुम्हाला दीडपट लागत असेल आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही तो वेळ उतरत नसेल, तर शिकण्याची गरज तुमची आहे. परत आलेलं, दुरुस्तीचं काम वेगळं मोजा. ते जास्त असेल तर बरेचदा मुळात सूचनाच अर्धवट मिळालेली असते.

अपवाद आहेत. वार्षिक हिशेब, नवी प्रणाली सुरू होणं, अशा वेळी दोन-तीन आठवडे ताण येणारच, तेव्हा जादा तासांच्या बदल्यात मिळणारी रजा किती दिवसांत घ्यायची हे आधीच लेखी घ्या. व्यवस्थापकीय पदांना बऱ्याच देशांत ओव्हरटाइमचे नियम लागू नसतात, म्हणून नेमणूकपत्रातलं तासांचं कलम आणि ‘गरजेनुसार’ हा शब्द कुठे घातलाय ते वाचून मगच बोलायला जा.